शाळेतला संगीताचा तास कुणासाठी?

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर, दिवाळी अंकासाठी थोडा नीटनेटका करून. – संपादक)



आरती झाली, मोदक झाले, मुलांचे नाच झाले. आता जेवणाची रांग लागण्याआधी माझं भाषण आहे. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे माझी स्पर्धा कुणाशी आहे याची मला पूर्ण कल्पना आहे!

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "शाळेतलं संगीतशिक्षण" असा विषय वाचून एका मित्राने मघाशी विचारलं, "तू बोलणार? अरे, आरतीत तुझ्या हातातली झांज लोक काढून घेतात!" खरं आहे. मी कॉम्प्युटर इंजिनीअर. गाता येत नाही, वाजवता येत नाही. गाडीत जुनी गाणी लावतो तेवढाच माझा आणि संगीताचा संबंध. पण आज मी गायक म्हणून नाही, एक कबुली द्यायला उभा आहे. या वर्षी न्यू जर्सीतल्या आमच्या गावात चौथीच्या मुलांची वाद्यं बंद झाली. ती बंद करण्यात माझा हात होता. कसा, ते सांगतो.

त्याआधी थोडं मागे जाऊ या. मी मिरजेचा. मिरज म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे तंबोऱ्याचं गाव!" बरोबर. सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात. पंढरपूरकडचे भोपळे येऊन दुकानांच्या माळ्यांवर लटकलेले असतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आमच्या गावात राहिले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाण्याच्या बैठका होतात. आणि एवढ्या गावात राहून, दहावीपर्यंत रोज सायकलवरून तिथून जाऊन, मी एकदाही तंबोऱ्याच्या तारेला हात लावला नाही. का? कुणी नको म्हटलं नव्हतं. पण ती वाद्यं "गाण्याच्या घरातल्या" मुलांची, आपली नव्हेत, हे न सांगता कळलेलं होतं. माझे वडील एसटीत, आई घरी. आमच्याकडे गाणं म्हणजे सकाळी सात वाजता रेडिओ.

शाळेच्या वेळापत्रकावर आठवड्यातून एकदा "संगीत" लिहिलेलं असायचं. त्या तासाला गणिताचे सर यायचे आणि म्हणायचे, "पोर्शन मागे राहिलाय, वह्या काढा." शाळेची पेटी ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद असे. पंधरा ऑगस्टला आणि गॅदरिंगला तेवढी बाहेर यायची आणि तीही ठरलेल्या चार मुलींसाठी. मला शाळेतलं एकच वाजवणं आठवतं, सव्वीस जानेवारीचं लेझीम. कारण लेझीमला निवड नव्हती! आठवीतली सगळी मुलं मैदानावर. गाता येणारी, न येणारी, जाडी, बारीक, सगळी. दोन आठवडे उन्हात सराव केल्यावर एका सकाळी शंभर लेझिमा एकदम खण्णकन् वाजल्या, आणि त्यातला एक आवाज माझा होता. ते मी आजवर विसरलेलो नाही. हे लेझीम लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता इकडे येऊ. आमच्या गावातल्या पब्लिक स्कूलमध्ये मूल चौथीत गेलं की त्याला एक वाद्य निवडता येत असे. व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, जे हवं ते. लहान वाद्यं पालक दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणायचे, चेलो-डबल बाससारखी मोठी धुडं शाळाच द्यायची. भाडं परवडत नसेल तर बाई कुठून तरी जुनं व्हायोलिन शोधून काढायच्या. आठवड्यातून एकदा चार-पाच मुलांना अर्ध्या तासासाठी वर्गातून बाहेर काढून शिकवायचं, आणि एकदा सगळ्यांनी मिळून वाजवायचं. डिसेंबरात आणि मे महिन्यात कॉन्सर्ट.

२०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या मुलाचा पहिला कॉन्सर्ट होता म्हणून मुलीला घेऊन गेलो. ती तेव्हा तिसरीत. तुम्ही कुणी चौथीच्या मुलांचं वाद्यवृंदवादन ऐकलंय? ज्यांनी ऐकलंय ते आत्ताच हसायला लागले! तीस व्हायोलिनं एकाच वेळी गंज लागलेल्या दारासारखी करकरत होती. मी मनात म्हटलं, यासाठी आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो? आमची कन्या मात्र पूर्ण वेळ मागच्या रांगेतल्या चेलोकडे बघत होती. घरी येताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी तो मोठा घेणार."

जानेवारीत शाळा जिल्ह्याकडून ई-मेल आली. बजेटमध्ये खड्डा आहे, पालकांनी आपला प्राधान्यक्रम कळवावा. दहा गोष्टी होत्या: वर्गातली मुलांची संख्या, गणिताचे जादा शिक्षक, वाचनतज्ज्ञ, बसगाड्या, समुपदेशक, खेळ, आणि एक ओळ, प्राथमिक शाळेतलं वाद्यशिक्षण. एक ते दहा क्रमांक द्यायचे. मी तेव्हा एका क्लायंटच्या कॉलवर म्यूटवर बसलो होतो. तीन मिनिटांत भरून टाकलं. गणित एक नंबर. वाद्यशिक्षण दहा. माझा हिशेब सरळ होता. गाणं काय, शनिवारी क्लास लावू. आणि अर्धा तास वर्गातून बाहेर काढून करकर करण्यापेक्षा तेवढ्या वेळात अपूर्णांक पक्के होतील. खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी असंच केलं असतं?

मार्चमध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनची बैठक झाली. मी गेलो नसतो. पण मुलीने वाद्यनिवडीच्या कागदावर चेलोसमोर भली मोठी चांदणी काढून ठेवली होती, आणि शाळेने कळवलं होतं की तूर्त ते कागद पाठवू नका. तिने विचारलं, "का?" मला सांगता येईना, म्हणून गेलो. पडद्यावर एक स्लाइड आली: पालकांच्या पसंतीत सर्वांत खाली, प्राथमिक वाद्यशिक्षण. म्हणून चौथी आणि पाचवीतून ते काढून थेट सहावीपासून सुरू करावं, असा प्रस्ताव. मंडळी, आयुष्यभर मी दुसऱ्यांना स्लाइड दाखवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा एका स्लाइडमध्ये मला माझं स्वतःचं उत्तर दिसलं. त्या आकड्यात मी होतो.

आता हा खड्डा आला कुठून, हे आपण समजून घ्यायला हवं, कारण तो फक्त आमच्या गावात नाही. करोनाच्या काळात केंद्र सरकारने शाळांना तीन हप्त्यांत मोठी मदत दिली. त्यातले शेवटचे पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीची वाटणी बदलली, त्यात काही गावांना जास्त मिळालं आणि काहींचं वर्षागणिक कमी होत गेलं. प्रॉपर्टी टॅक्सची शाळेसाठीची वसुली वर्षाला साधारण दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्याला काही सवलती आहेत, पण मूळ नियम तो. पगार, आरोग्यविमा आणि बसचं डिझेल मात्र दोन टक्क्यांत थांबत नाही. म्हणजे दरवर्षी काहीतरी कापावं लागतं. आणि मग प्रश्न येतो, आधी काय?

ज्याची परीक्षा होत नाही ते आधी. २००२ च्या सुरुवातीला "नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड" कायदा आला आणि तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. त्या कायद्याने कलांनाही "मुख्य विषय" म्हटलं होतं, पण त्यांची चाचणी ठेवली नाही. २०१५ च्या नव्या कायद्यात तर संगीताचं नाव स्पष्ट लिहिलं. कागदावर सगळं छान आहे. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमातही १९९६ पासून कला आहेत. पण संगीत शिकवा म्हणणं वेगळं आणि चौथीतल्या मुलाच्या हातात वाद्य द्या म्हणणं वेगळं. आठवड्यातून एक तास वर्गात गाणी म्हटली, प्लास्टिकचा रेकॉर्डर फुंकला, की नियम पाळला जातो. कात्री लागते ती वाद्यांना. माझ्या शाळेत गणिताच्या सरांनी संगीताचा तास घेतला होता. इथे तेच काम स्प्रेडशीट करते, एवढाच फरक.

बग सापडला की इंजिनीअर आधी त्याची हिस्टरी बघतो. मीही बघितली, आणि एक माणूस भेटला. लोवेल मेसन. जन्म १७९२ चा, मॅसॅच्युसेट्समधला. तरुणपणी तो जॉर्जियातल्या सव्हाना शहरात गेला आणि बँकेत नोकरीला लागला. फावल्या वेळात चर्चचं संगीत. १८२२ मध्ये त्याने जमवलेल्या भजनांच्या चालींचं पुस्तक बॉस्टनला निघालं, पण त्यावर त्याने स्वतःचं नाव ठळकपणे येऊ दिलं नाही. बँकेतल्या माणसाला "गाणारा" म्हणून ओळखलं जायला नको होतं! आपल्यातल्या कितीतरी पेटीवाल्यांना आणि तबलावाल्यांना हे पटेल. ऑफिसात कुणाला माहीत असतं?

पुढे हा मेसन बॉस्टनला आला आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. गाणं हे देणगी असलेल्या मुलांसाठी नाही, वाचता येतं तसं प्रत्येक मुलाला गाता येईल, फक्त शिकवायला हवं. १८३७ साली तिथल्या शाळा समितीने संगीत सुरू करायची शिफारस केली. समितीच्या अहवालात तीन कसोट्या होत्या: याने बुद्धीला काय मिळतं, मनाला काय मिळतं आणि शरीराला काय मिळतं. सगळं पटलं, पण शहराने पैसे दिले नाहीत. बजेट! १८३७ मध्येसुद्धा तेच. तेव्हा मेसन साउथ बॉस्टनच्या एका शाळेत जाऊन वर्षभर फुकट शिकवत राहिला. मुलं गायला लागली, लोकांनी येऊन ऐकलं, आणि ऑगस्ट १८३८ मध्ये बॉस्टनच्या पब्लिक स्कूलमध्ये संगीत हा रीतसर विषय झाला. तिथून तो देशभर पसरला. शाळांमधले बँड नंतर आले, १९२३ मध्ये शिकागोला शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पण मूळ कल्पना ती, मेसनची. सगळ्यांना.

आणि ती किती नाजूक आहे ते कॅलिफोर्नियाने दाखवलं. १९७८ साली तिथल्या मतदारांनी प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा घातली आणि पुढच्या काळात शेकडो शाळांमधले संगीतशिक्षक गेले. २०२२ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी कला-संगीतासाठी वेगळा, राखीव निधी मंजूर केला. दर वर्षी सुमारे एक अब्ज डॉलर्सचा. म्हणजे काढायला एक निवडणूक पुरते आणि परत आणायला चव्वेचाळीस वर्षं लागतात.

आता तुम्ही म्हणाल, संगीत हवं हे मान्य, पण फायदा काय? आपल्याला ROI लागतो, म्हणजे गुंतवलेल्या पैशाचा परतावा! मीही आधी तोच शोधला. एप्रिलच्या सुनावणीत बोलायचं ठरवलं तेव्हा म्हटलं, संगीताने गणित सुधारतं एवढं सिद्ध करू, काम फत्ते. आणि तिथे माझी पंचाईत झाली.

"मोत्झार्ट इफेक्ट" तुम्ही ऐकला असेल. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी "नेचर" या साप्ताहिकात छापलं की मोत्झार्टचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकल्यावर विद्यार्थ्यांनी आकृत्यांची कोडी जास्त चांगली सोडवली. पण ते विद्यार्थी कॉलेजचे होते, छत्तीसजण होते, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरी १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर्स मागितले! २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. मोत्झार्टमध्ये खास असं काही हाती लागलं नाही. ऐकणं सोडा, प्रत्यक्ष शिकण्याचं बघू. टोरंटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक चांगला प्रयोग झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडासा, दोन-तीन गुणांनी जास्त वाढला. नाटक शिकलेल्या मुलांचं वागणं सुधारलं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगांत लहान मुलांना तसाही ठोस फायदा दिसला नाही.

म्हणजे "व्हायोलिन शिका, गणितात पहिले या" हा दावा फारसा टिकत नाही. आणि बरंच झालं! कारण ज्या दिवशी आपण संगीताला गणिताचं टॉनिक म्हणून विकतो, त्या दिवशी कुणीही उठून म्हणेल, मग सरळ गणितच जास्त शिकवा की. चित्रकलेने अक्षर सुधारतं म्हणून कुणी चित्रकला शिकवतं का?

माझं उत्तर मला कुठल्या पेपरात मिळालं नाही. ते त्या मार्चच्या बैठकीत मिळालं. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. एक बाई उठल्या. अंगावर नर्सिंग होमचा गणवेश तसाच, बहुधा तिथूनच रात्रपाळीला जायचं असावं. त्या म्हणाल्या, माझा मुलगा पाचवीत आहे, शाळेने दिलेला ट्रॉम्बोन वाजवतो. मला त्यातलं काही कळत नाही. पण आठवड्यातून दोन दिवस तो मी न उठवता उठतो. खाजगी क्लास मला परवडणार नाही, आणि परवडला तरी त्याला तिथे नेणार कोण? एवढंच बोलून त्या बसल्या. तीन मिनिटंसुद्धा पूर्ण वापरली नाहीत.

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या शाळेच्या वर्गांमध्ये निम्मी मुलं देशी आहेत. त्या सभागृहात आपण देशी पालक किती? मला धरून चार. का नव्हतो आपण? आळशी म्हणून नाही. आपल्याला गरज वाटली नाही म्हणून. आपली मुलं शनिवारी तबल्याला जातात, रविवारी पियानोला, अर्ध्या तासाचे चाळीस डॉलर आपण कुरकुरत का होईना, देतो. शाळेतलं वाद्य गेलं तरी आपल्या मुलांचं संगीत जात नाही. ते जातं त्या ट्रॉम्बोनवाल्या मुलाचं. आणि, मंडळी, मिरजेच्या त्या एसटीवाल्याच्या मुलाचंही तसंच गेलं होतं. दहावा क्रमांक देताना मी माझ्याच पूर्वीच्या बाकावर बसलेल्या पोराला वर्गाबाहेर काढलं होतं.

पब्लिक स्कूलमधल्या संगीताची किंमत ही आहे. ते पालकांना परवडतं का, आवडतं का, त्यांच्या लक्षात आलं का, गाडी आहे का, असं काही विचारत नाही. मुलापर्यंत स्वतः चालत येतं. बाकी सगळीकडे संगीत मुलाच्या घराकडे बघून येतं.

यात आपल्या मुलांचाही तोटा आहे, तोही सांगतो. चौथीत सुरुवात बंद झाली की पाच-सहा वर्षांनी हायस्कूलच्या ऑर्केस्ट्रात कोण उरेल? ज्यांनी बाहेर पैसे देऊन शिकलं ते. व्हायोलिनं बरीच असतील, पण चेलो, बास, ट्रॉम्बोन, बसून कोण वाजवणार? ती वाद्यं घरी कुणी विकत घेत नाही. आधी ऑर्केस्ट्रा रोडावतो, मग "मुलंच येत नाहीत" म्हणून तोही बंद होतो. खालचा जिना काढला की वरचा मजला आपोआप रिकामा होतो.

आणि खाजगी क्लासात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे इतरांबरोबर वाजवणं. तो करकरणारा कॉन्सर्ट मी मेमध्ये पुन्हा ऐकला, या वेळी नीट. एक मुलगा चार मात्रा वाजवून बारा मात्रा नुसता मोजत बसला होता. ओठ हलत होते. आपली वेळ येईपर्यंत गप्प राहायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि बरोबर जागेवर आत यायचं. आयटीवाल्यांनो, हे इंटिग्रेशन टेस्टिंग आहे! एकेक मॉड्यूल आपापल्या मशीनवर उत्तम चालतं आणि एकत्र जोडलं की कोसळतं, हे आपण रोज भोगतो. ही मुलं नवव्या वर्षी ते जोडायला शिकतात. आपल्याकडचं भजनी मंडळ, ढोलपथक, लेझीम हेच शिकवतं. फक्त त्याला आपण शिक्षण म्हणत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकन खूळ आहे, आपल्याकडे गाणं गुरूच्या पायाशी बसून शिकायचं असतं. पण "सगळ्यांना संगीत" हे खूळ आपल्या माणसांनीही घेतलं होतं. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये बडोद्याला संगीतशाळा काढली. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. आमच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. एखाद्या राजाच्या पदरी न राहता, लोकांच्या देणग्यांवर. भातखंडे तर व्यवसायाने वकील! त्यांनी गावोगावच्या गवयांकडून बंदिशी गोळा केल्या, लिपीत उतरवल्या आणि पुस्तकात छापल्या, जेणेकरून घराण्याबाहेरच्या माणसालाही त्या शिकता याव्यात. बॉस्टनचा बँकवाला आणि मुंबईचा वकील. दोघांचं म्हणणं एकच होतं: दार उघडा. आणि माझी शाळा पलुस्करांच्या गुरूंच्या गावात असूनही तिने पेटी कुलपात ठेवली. म्हणजे थोर माणसं होऊन गेली एवढ्याने भागत नाही. दर वर्षी कुणीतरी ते कुलूप उघडावं लागतं.

एप्रिलच्या सुनावणीत मी बोललो. फार वाईट बोललो. पहिल्या मिनिटात कागद खाली पडला. मोत्झार्ट, बुद्ध्यंक, सगळं बाजूला ठेवून मी एवढंच म्हटलं की त्या पाहणीत वाद्यशिक्षणाला दहावा क्रमांक देणाऱ्यांपैकी मी एक आहे, ते उत्तर मला परत घ्यायचंय, कारण मी माझ्या मुलीपुरतं बघितलं होतं आणि प्रश्न सगळ्या मुलांचा होता. बोर्डाच्या एक बाई हसल्या, म्हणाल्या, उत्तर परत घ्यायला इथवर आलेले तुम्ही पहिलेच.

निकाल? सिनेमासारखा नाही. पाचवीचं वाद्यशिक्षण वाचलं. चौथीचं गेलं. एका शिक्षिकेला आता तीन शाळा सांभाळाव्या लागतात. आमची मुलगी या महिन्यात चौथीत गेली आणि प्लास्टिकचा रेकॉर्डर फुंकते. चेलोची चांदणी काढलेला तो कागद फ्रिजवर तसाच आहे. पाचवीचं पुढच्या वर्षी राहील की नाही हे २०२६ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा ठरणार आहे.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत, आणि मग मी तुम्हाला मसालेभाताच्या हवाली करतो.

पहिली, शाळेकडून पाहणी आली की ती कॉलवर म्यूट होऊन भरू नका. भरताना स्वतःचं मूल सोडून आणखी एक मूल डोळ्यांसमोर आणा.

दुसरी, बैठकीला या. पूर्वी न्यू जर्सीत शाळेच्या बजेटवर एप्रिलमध्ये मतदान व्हायचं. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक गावांनी शाळेच्या निवडणुका नोव्हेंबरमध्ये नेल्या, आणि तिथे टॅक्सची मर्यादा पाळली असेल तर बजेटवर मत द्यावं लागत नाही. म्हणजे बोलण्याची जागा उरली ती सुनावणीचीच. आपल्यातले बरेचजण ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, मत देऊ शकत नाहीत. पण त्या माइकसमोर उभं राहायला नागरिकत्व लागत नाही, गावात राहणं पुरतं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, माझं बघा!

तिसरी, तळघरात पडलेलं व्हायोलिन, क्लॅरिनेट शाळेच्या बाईंना द्या. पण देणगी म्हणजे बजेट नव्हे, हेही लक्षात ठेवा. नुसत्या देणग्यांवर सोडलं तर श्रीमंत गावात ऑर्केस्ट्रा राहील आणि बाकीच्यांकडे रेकॉर्डर.

चौथी, तुमच्यातल्या पेटी-तबलावाल्यांनी वर्षातून एकदा शाळेच्या संगीताच्या तासाला जा. विचारलंत तर बाई आनंदाने बोलावतात. मला काही वाजवता येत नाही, पण मी ठरवलंय, चाळीस लेझिमा मिरजेहून मागवायच्या आणि चौथीच्या सगळ्या मुलांना शिकवायच्या. निवड न करता. तेवढं मला अजून येतं.

जाता जाता. जुलैमध्ये मिरजेला गेलो होतो तेव्हा मुलीला घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानाची पायरी चढलो. तिथल्या काकांनी काही न विचारता तिच्या मांडीवर तंबोरा ठेवला आणि तारा कशा छेडायच्या ते दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कुठले?" म्हटलं, "इथलाच. रोज समोरून जायचो." ते म्हणाले, "मग आत का नाही आलात कधी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या गावातल्या मुलांवर तरी हा प्रश्न ऐकायची वेळ येऊ नये, एवढंच मला वाटतं.

मार्चमध्ये भेटू. गणपती बाप्पा मोरया!